चौदावी ओळ : लागू नाही

२ मे, सकाळी ७.१०
आजपासून रोजनिशी. मोठी कामं लेखी असावीत.

एकोणीस तारखेला आम्ही चौघं समुद्रावर निघतोय, पाच दिवसांसाठी. मी, ही, लेक टिचकी (वय अकरा, खरं नाव फक्त शाळेपुरतं) आणि सासूबाई. सगळ्यांसाठी सुरक्षित सनस्क्रीन निवडायची जबाबदारी मी घेतली आहे. हिने विचारलं, कोणी दिली? मी म्हणालो, अशा गोष्टी कोणी द्यायची वाट बघायची नसते.

माझी पात्रता : रंगाच्या कारखान्यात, लॅबमध्ये, सतरा वर्षं. गेटं, पत्रे, पाण्याच्या टाक्या उन्हात टिकतील की नाही ते माझ्या सहीवर ठरतं. माणसाची कातडी म्हणजे तरी काय, एक पृष्ठभाग. त्याला ऊन लागू द्यायचं नाही, एवढंच.

गेल्या वर्षीचं एकदाच लिहितो आणि विषय बंद. तेव्हाचं क्रीम मीच आणलं होतं. एका सप्लायरने दिलेल्या गिफ्टच्या पिशवीत डायरी, पेन आणि ही ट्यूब होती. वास फर्स्ट क्लास. समुद्रावर पहिल्याच सकाळी टिचकीला चोपडलं आणि तासाभरात पोरीचं तोंड लालभडक, डोळ्यांच्या नुसत्या फटी. उरलेले चार दिवस ती खोलीच्या खिडकीत बसून समुद्र बघत होती. तेव्हापासून मी तिला काहीही लावायला गेलो, अगदी बोटाला चिकटपट्टी जरी, तरी ती हात मागे घेते. म्हणते, आई लावेल.

वर्ष झालं. मला ते अजून खुपतं.

संकल्प : यंदा टिचकी पाण्यात जाणार. आणि क्रीम मी लावणार.

४ मे
फाइल उघडली. खाकी, दोरीवाली. पहिलं पान तक्त्याचं : "कुठे कुठे लावायचं." जेवणं झाल्यावर सगळ्यांना बसवून वाचून दाखवलं. चेहरा, कान, कानामागे, मान, गळा, खांदे असं करत करत पायांच्या वरच्या बाजूपर्यंत एकूण तेरा ओळी. काही राहिलंय का, असं मी मोकळेपणाने विचारलं.

टिचकीने पेन घेतलं आणि चौदावी ओळ लिहिली. सासूबाईंना इतकं हसू आलं की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. ही स्वयंपाकघरात गेली, पण तिथूनही आवाज येत होता.

तिने लिहिलेला शब्द या वहीत लिहायची गरज नाही. माझे केस मध्यभागी जरा मोकळे मोकळे आहेत. ते आमच्या घराण्यातच आहे, कपाळ मोठं असतं. लाल पेनने शेरा मारला : लागू नाही.

६ मे, संध्याकाळी
औषधाच्या दुकानात गेलो. औषधवाल्या बाईंना टिचकीचं सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, मुलीला पुरळ आलं होतं ना, मग वास नसलेलं घ्या, झिंकवालं घ्या, एसपीएफ तीस किंवा पन्नास, आणि वर ब्रॉड स्पेक्ट्रम लिहिलेलं बघा. आधी थोडंसं कोपरात लावून दोन दिवस थांबा. भरपूर लावा, दर दोन तासांनी आणि पाण्यातून बाहेर आल्यावर पुन्हा लावा. शिवाय टोपी आणि सावली. असं म्हणून त्यांनी एक ट्यूब काढून समोर ठेवलीसुद्धा.

एक मिनिटात सगळं झालं. इथेच मला संशय आला. इतकं सोपं असतं तर फाइल कशाला लागली असती? मी शेल्फवरच्या आणखी चार ट्यूब घेतल्या आणि पाचांना नंबर दिले. बाईंची ट्यूब पाच नंबर.

निघताना त्यांना आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगितली : तीसचा एक हात मारला की तीस, दोन हात मारले की साठ. त्या म्हणाल्या, असं होत नाही हो, ती बेरीज नसते. मग माझ्याकडे, म्हणजे माझ्या जरा वरच बघून त्यांनी विचारलं, तुमच्यासाठी काय वापरता? मी म्हणालो, प्रश्न कुटुंबाचा आहे.

८ मे, रविवार
पाचही ट्यूबांच्या पाठीवरचं बारीक अक्षर भिंगाने वाचलं. नियम केला : जे नाव मला एका दमात म्हणता येत नाही ते धोकादायक. साडेनऊपर्यंत पाचही ट्यूब बाद.

टिचकीने मोबाइलवर शोधून सांगितलं की मी ज्याच्यावर सर्वात मोठी फुली मारली ते एक व्हिटॅमिन आहे. नियम तात्पुरता स्थगित.

९ मे
आज खरं काम केलं. आमच्याकडे अर्धं काळं, अर्धं पांढरं असं कार्ड असतं. त्यावर रंगाचा पातळ थर ओढायचा. खालचं काळं जितकं झाकलं जाईल, तितका रंग चांगला. लंच टायमाला पाच कार्डं घेतली, पाच क्रीमं ओढली.

तीन नंबरने काळ्याचा मागमूस ठेवला नाही. चुन्याची भिंत! दोन आणि चार मध्यम. एक नंबरला गेल्या वर्षीसारखाच वास, लगेच बाद. पाच नंबर ओढल्यावर दोन मिनिटांत दिसेनासंच झालं. जे दिसत नाही ते काम काय करणार? पाच बाद.

औषधवाल्या बाईंची कीव आली. बिचाऱ्यांकडे कार्ड नाही.

१० मे
लॅबमध्ये एक कपाट आहे. आत दिवे असतात, कडक उन्हासारखे. रंग दिलेले पत्रे त्यात पाचशे तास ठेवायचे आणि किती फिके पडले ते बघायचं. मी पाच लाल पत्रे घेतले, त्यांना पाच क्रीमं फासली आणि पत्रे वरच्या खणात ठेवले. साहेब मीटिंगमध्ये होते, म्हणून विचारायचं राहिलं.

पाचशे भागिले चोवीस. रिझल्ट एकतीस तारखेला. आम्ही निघणार एकोणीसला. हरकत नाही, पुढच्या वर्षी कामाला येईल.

१२ मे
साहेबांनी बोलावलं. कपाटातल्या उष्णतेने क्रीमं वितळली आणि खालच्या खणात ओघळली. खाली एका गिऱ्हाइकाचा हिरवा पत्रा होता. त्याचे चारशे ऐंशी तास पूर्ण झाले होते. आणखी वीस तासांनी त्याला सर्टिफिकेट मिळणार होतं.

मी साहेबांना दाखवलं की ओघळाखालचा हिरवा बघा किती ताजा दिसतोय. ते म्हणाले, तो ओला आहे.

लेखी खुलासा मागितलाय. "कौटुंबिक कारणास्तव" असं लिहिलं. त्यांनी वाचलं, मान वर केली, पुन्हा वाचलं आणि ड्रॉवरमध्ये टाकलं. मोठ्या माणसांना नवीन कल्पना पचायला वेळ लागतो.

१३ मे
विचार केला, विकतचं हवंच कशाला? मुख्य माल झिंक, आणि ते आमच्या स्टोअरमध्ये पोत्यांनी पडलंय. एक बरणीभर घरी आणलं. स्वयंपाकघरातल्या रवीने तेलात फेटणार, तोच हिने बरणीवरची चिठ्ठी मोठ्याने वाचली : फक्त औद्योगिक वापरासाठी. मग म्हणाली, अहो, टिचकी म्हणजे गेट नव्हे.

सासूबाई तिथेच बसून मटार सोलत होत्या. त्या म्हणाल्या, मी सत्तर वर्षं उन्हात काढली. लांब बाह्या, मोठी छत्री, आणि ऊन डोक्यावर असलं की घरात. मी हसलो. त्यांच्या पद्धतीला कसलाही डेटा नाही.

बरणी उद्या परत करायची.

१४ मे
कोपराच्या आतल्या बाजूला क्रीमचा ठिपका लावून दोन दिवस बघणे. टिचकीला बोलावलं. तिने दोन्ही हात पाठीमागे नेले. म्हणाली, आई लावेल. मी म्हटलं, अगं, नुसता ठिपका. ती म्हणाली, तेव्हाही तू नुसतं थोडंसं म्हणाला होतास.

ट्यूब तिथेच ठेवून बाल्कनीत जाऊन उभा राहिलो. पोरगी विसरत नाही. बरोबर आहे तिचं, खिडकीत ती बसली होती, मी नव्हतो.

थोड्या वेळाने ही आली. म्हणाली, तिचं मी बघते, तुम्ही त्याची काळजी करू नका. तुमची फाइल चालू द्या.

मी स्वतःच्या दोन्ही हातांवर पाचही ठिपके दिले आणि मार्करने नंबर घातले.

१६ मे
हातावर पुरळ. भिंगाने तपासलं. क्रीमखाली कुठेच नाही, फक्त नंबरांखाली आहे. मार्कर बाद.

हिला विचारलं, टिचकीला काही झालं का? ती म्हणाली, काहीही झालेलं नाही. फाइलमध्ये नोंद : नंबर तीन, टिचकी, सुरक्षित. मनावरचं ओझं उतरलं.

कटिंग करून आलो. माझं काम चार मिनिटांत आटोपतं, न्हावी खुश असतो. पण हल्ली त्यालाही सल्ले सुचायला लागलेत. म्हणाला, समुद्रावर जाताय ना, टोपी न्या. घरी आलो तर हिने चार टोप्या आणून ठेवल्या होत्या. तीन ठेवल्या, माझी परत करायला लावली. टोपीने केस दबतात.

१७ मे, रंगीत तालीम
हॉलमध्ये, सकाळी दहाला. नंबर तीन. पहिला हात, पंधरा मिनिटं वाळू देणे, दुसरा हात. हिने समोर उभं राहून लावून घेतलं, तेही ऑफिसचा फोन चालू असताना. सासूबाईंनी फक्त नाक दिलं, बाकी सगळं झाकलेलं आहे म्हणाल्या. मी माझा चेहरा, मान, हात, पाय आणि पोट रंगवून काढलं. फिनिश मॅट. कुठेही थेंब नाही, ब्रशच्या रेघा नाहीत.

शेजारीण पार्सल द्यायला आली. दार उघडल्यावर आम्हाला बघितलं, नंतर येते म्हणाली आणि पार्सल घेऊनच परत गेली.

टिचकी दाराच्या चौकटीला टेकून पोट धरून हसत होती. क्रीम लावून घेतलं नाहीच. पण माझ्यापासून एका हाताच्या अंतरावर उभी होती. वर्षभरात पहिल्यांदा. तालीम यशस्वी.

तक्रार : निम्मी ट्यूब संपली. तरीही चार माणसांना पाच दिवस पुरेल. हिशोब केलाय.

१९ मे, प्रवास
गाडीने सहा तास. ऊन रणरणतं. फाइलमधला नियम नऊ सगळ्यांना वाचून दाखवला : ट्यूब गरम जागी ठेवू नये. लगेच हाताशी मिळावी म्हणून ट्यूब मागच्या काचेखाली, फाइलवर ठेवली होती.

वाटेत जेवायला दीड तास थांबलो. गाडीला सावली मिळाली नाही, पण आम्हाला मिळाली.

संध्याकाळी पोचलो. खोली छान आहे, खिडकीतून समुद्र दिसतो. टिचकीने खिडकीकडे एकदा बघितलं आणि पडदा ओढून घेतला.

२० मे, सकाळी ८.४० (हे जरा वेळाने लिहितोय)
वाळूवर चादर अंथरली. सासूबाईंनी छत्री रोवली. टिचकी पोहायचे कपडे घालून, गॉगल कपाळावर चढवून माझ्यासमोर येऊन उभी राहिली. स्वतःहून. म्हणाली, चल, कर सुरू.

मी झाकण उघडलं आणि दाबलं. आधी पिवळं पाणी आलं. मग काहीच नाही. मग एकदम गोळा, दह्याचा असावा तसा. हलवलं, पुन्हा दाबलं. पाणी. हे असं का होतं ते मला पूर्ण माहीत आहे, खराब झालेले डबे मी रोज बाद करतो. हे क्रीम मेलं होतं.

टिचकी माझ्या हाताकडे बघत होती. हात मागे घेतले नव्हते तिने, अंगाशी धरून उभी होती. मला खरोखर भीती वाटली. तिच्या चेहऱ्याची, पुन्हा त्या खिडकीची. सतरा वर्षांत पहिल्यांदा मला पृष्ठभागाबद्दल काहीही सुचलं नाही. मी म्हणालो, टिचके, हे खराब झालंय. माझी चूक. मी काचेखाली ठेवलं.

ती म्हणाली, माहितीये, मी बघितलं होतं. मग आईकडे वळून म्हणाली, आई, दे.

हिने पर्समधून एक ट्यूब काढली. अर्धी वापरलेली, टोकाकडून नीट गुंडाळत आणलेली. पाच नंबर.

मग सगळं कळलं. गेल्या वर्षी परत आल्याबरोबर ही टिचकीला त्वचेच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली होती. त्यांनी हीच ट्यूब सांगितली. तेव्हापासून शाळेच्या पोहण्याच्या तासाला टिचकी हीच लावते. अख्खं वर्ष झालं. सासूबाईंनाही माहीत होतं. मी विचारलं, मग मला का नाही सांगितलं? ही म्हणाली, सांगणारच होते, पण तुम्ही फाइलला दोरी बांधत होतात. इतके खुश होतात.

नोंद : म्हणजे डॉक्टरांनी सांगितलेली ट्यूब मी स्वतंत्रपणे दुकानातून आणली होती. माझ्या संशोधनाला दुजोराच मिळाला म्हणायचा.

चेहरा, मान, हात तिने स्वतः लावले. मग ट्यूब माझ्या हातात दिली आणि पाठ करून उभी राहिली. म्हणाली, पाठीला तू लाव, पण एकच हात, नीट.

लावलं. कानामागेही लावलं. झाकण दोनदा वाळूत पडलं. वाऱ्यामुळे.

ती पाण्यात गेली.

त्याच दिवशी, ११.३०
दर दोन तासांनी पुन्हा लावायचं, ही जबाबदारी माझी. घड्याळ घेऊन पाण्याच्या कडेला उभा आहे. ही म्हणते सावलीत या. पण छत्रीखालून टिचकीचं डोकं दिसत नाही, लाटा मध्ये येतात. १०.४५ ला हाक मारली, आली, पुसली, लावलं, गेली. कुठेही लाल नाही. मी सुखी आहे. असं लिहायला मला संकोच वाटत नाही.

मध्येच टिचकी पाण्यातून ओरडली, बाबा, चौदा नंबर! मी हात हलवला.

दुपारी १.३०
ही आणि सासूबाई जेवायला गेल्या. मी आणखी जरा वेळ उभा राहिलो, कारण टिचकी अजून किनाऱ्यावर शिंपले वेचत होती. एकूण पाच तास उभा. डोकं थोडं गरम वाटतंय. आनंदाने असेल.

२१ मे
आनंदाने नव्हतं.

उशीला डोकं टेकवता येत नाही. कंगवा फिरवायला गेलो तर दोन्ही मजल्यांना ऐकू जाईल असा ओरडलो. सासूबाईंनी बघितलं आणि पहिल्यांदाच हसल्या नाहीत, थेट टॉवेल ओला करून आणला. ही म्हणाली, अहो, तुमच्या डोक्यावर ऑम्लेट होईल. डॉक्टरांना फोन केला. थंड पट्ट्या, भरपूर पाणी, आणि बरं होईपर्यंत उन्हात पाऊल नाही.

बाकी तिघी पूर्ण शाबूत. कुटुंबाच्या पंचाहत्तर टक्के पृष्ठभागाचं रक्षण झालं. लॅबमध्ये असा रिझल्ट आला असता तर आम्ही पास केला असता.

दिवसभर खिडकीत बसून समुद्र बघितला. चांगला दिसतो इथून. पण चार दिवस बघण्यासारखा नाही.

२२ मे, दुपारी ४
घड्याळ आता टिचकीकडे. दर दोन तासांनी ती ओल्या केसांनी वाळू सांडत खोलीत येते, पट्टी बदलते, परत पळते. मघाशी डॉक्टरांनी सांगितलेलं थंड जेल घेऊन आली आणि बोट पुढे केलं. माझ्याही नकळत मी डोकं मागे घेतलं आणि म्हणालो, आई लावेल.

ती तशीच उभी राहिली, बोटावर जेल घेऊन. मग दोघांनाही एकदम हसू फुटलं. हसताना मला फार दुखलं.

मी डोकं पुढे केलं. तिने एका बोटाने लावलं, हळू, कडेपासून मध्यापर्यंत. कुठेही सुटलं नाही, कुठेही जाड थर नाही. हात चांगला आहे तिचा. तसं तिला सांगितलं. ती म्हणाली, पृष्ठभाग मोठा आहे, वेळ लागतो.

मग तिने फाइल काढली, पहिलं पान उघडून माझ्या मांडीवर ठेवलं, लाल पेन दिलं आणि पाण्यात परत गेली.

२२ मे, ४.२०
दुरुस्ती, पुढच्या वर्षीसाठी.
ओळ चौदा. बाबांचं टक्कल.
"लागू नाही" खोडलं.
लागू. पाच नंबर, दोन हात. वरून टोपी.
लावणार : टिचकी.